तुळाजीने चार थानांना अक्षत दिली

एका गावात एक भोळा तुळाजी होता. तसे गावात भोळे आणखीही होते, पण ते अधूनमधून शहाण्यासारखं वागायचे. तुळाजीने असा प्रकार कधी केला नाही.

गावाचं नाव बोरवंडी. घरात तुळाजी आणि त्याची आई चांगुणा, दोघंच. तुळाजी कामाला दणकट, मनाने निर्मळ. सांगाल ते करायचा. अडचण एवढीच, की सांगाल तेच करायचा. एकदा आई म्हणाली, "मी येईस्तोवर कोंबड्या अंगणाबाहेर जाऊ देऊ नको." ती परत आली तर हा अकरा कोंबड्या घोंगडीखाली धरून वर पालथा पडलेला. एकही कोंबडी बाहेर गेली नव्हती, हे खरंच होतं.

अशा माणसाला मुलगी कोण देणार? चांगुणा बारा वर्षं "पोरगं लग्नाचं हाय" म्हणत होती. आता तर लोक ऐकूनही घेत नसत.

आणि एक दिवस नशीब उघडलं. ओढ्यापलीकडे करंजवाडी नावाचं गाव होतं. तिथल्या केरबाची मुलगी हौसा तुळाजीला सांगून आली. पाहायला गेल्यावर हौसाने गूळ-पाणी आणलं आणि विचारलं, "आणखी गूळ देऊ?" तुळाजी म्हणाला, "द्या." तिने दिला. पुन्हा विचारलं. तो पुन्हा म्हणाला, "द्या." असं पाच वेळा झालं. मग हौसा हसली. पण वाईट हसली नाही, आणि जाताना गुळाचा आख्खा खडा त्याच्या हातावर ठेवून गेली. त्या दिवसापासून तुळाजीला जेवण गोड लागेना.

केरबा मात्र कडक माणूस. तो म्हणाला, "चांगुणाबाई, पोरगी देतो. पण आमच्या गावाची एक रीत हाय. गावचा जावई व्हायचं तर नवरदेवानं चारी थानांना आपल्या हातानं अक्षत द्यायची. मारुती, मशीद, यमाई आणि पीर. लग्नाचं पहिलं आवतण त्यांना. प्रत्येक थानाची खूण आणून मला दाखवायची. एक जरी खूण कमी पडली, तरी लग्न मोडलं म्हणून समजा."

चांगुणाने मनातल्या मनात चारी थानांना हात जोडले. तुळाजी मात्र खूश. "हात्तिच्या! एवढंच ना?"

पहिला मारुती. निघताना आईने तुळाजीच्या हातात तेलाची बुधली दिली, उपरण्याच्या टोकाला अक्षता बांधल्या.

"आये, मारुती वळखू कसा?"

"आरं, वेशीजवळ पाराला लागून हाय. दाराशी चपलांचा ढीग असतो. गळ्यात हार, कपाळाला शेंदूर, म्होरं नारळ फोडलेला. माणसं हात जोडून उभी असत्यात. डोक्यावर तेल घालायचं, पाच फेऱ्या मारायच्या, अक्षत द्यायची, काय मागायचं ते मागायचं."

तुळाजी ओढा ओलांडून करंजवाडीच्या वेशीवर आला. पाराला लागूनच एक मांडव होता. दाराशी चपलांचा ढीग. समोर नुकताच फोडलेला नारळ. आणि मधोमध खुर्चीवर एक गलेलठ्ठ गृहस्थ, गळ्यात झेंडूचा हार, कपाळावर शेंदरी टिळा. ते निवडणुकीला उभे होते आणि आज त्यांच्या प्रचाराचा नारळ फुटला होता. पण हे तुळाजीला कोण सांगणार? त्याने चपला काढल्या, पुढे झाला आणि बुधलीतलं तेल उमेदवाराच्या डोक्यावर ओतायला लागला.

"अहो! अहो, हे काय?" उमेदवार ओरडले.

कार्यकर्ते धावले. पण उमेदवार मुरलेले होते. त्यांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि तुळाजीला विचारलं, "घरात मतं किती?"

"दोन."

"मग ओता."

तुळाजीने तेल संपवलं. पाच फेऱ्या मारल्या. अक्षत दिली. आता काय मागावं याचा तो विचार करतोय, तोवर उमेदवारांनीच हात जोडले आणि म्हणाले, "तेवढं आमच्याकडे लक्ष असू द्या."

तुळाजी गांगरला. आपण देवाला मागायचं असतं. इथे देवच मागायला लागला होता. पण देवाला नाही कसं म्हणणार? तो म्हणाला, "बरं, बघतो." मग खूण मागितली. उमेदवारांनी त्याला शिडीचं चित्र असलेला कागद दिला.

कागद बघून चांगुणाने कपाळाला हात लावला. "आरं बाबा, बोलणारा देव असतोय व्हय? देवाची जागा घंटेवरनं वळखावी. आधी घंटा वाजवायची. मग मोठ्यानं आपलं नाव-गाव सांगायचं. मग अक्षत."

"असं होय! आता न्हाई चुकायचो."

मारुतीकडे आता कोणत्या तोंडाने पाठवायचं, पारावर अजून तेल सांडलेलं होतं. म्हणून शुक्रवारी चांगुणाने त्याला आधी मशिदीत पाठवलं. मशीद सापडली लगेच. मिनार दुरून दिसत होते. पण तुळाजी दारात येऊन बघतो, तर घंटा कुठेच नाही. त्याने कमानीखाली बघितलं, भिंतीवर बघितलं, अगदी खांबामागेही बघितलं. घंटा नाही म्हणजे अक्षत नाही, अक्षत नाही म्हणजे खूण नाही, आणि खूण नाही म्हणजे हौसा नाही. त्याला घाम फुटला.

एवढ्यात पलीकडच्या निंबाला बांधलेल्या बैलाने मान हलवली. त्याच्या गळ्यात चांगली पितळी घंटा होती! तुळाजी ती सोडायला गेला. गाठ काही सुटेना. मग त्याने बैलच सोडला, ओढत मशिदीच्या दाराशी आणला आणि बैलाची मान धरून गदागदा हलवायला सुरुवात केली.

"मी तुळाजी! बोरवंडीचा! माझं लगीन हाय!"

आत नमाज चालू होती. रांगेतल्या कुणीही मागे वळून बघितलं नाही. तुळाजीला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. त्याने बैल आणखी जोरात हलवला. बैलही आता रागावून हंबरायला लागला. घंटा, हंबरणं आणि तुळाजीचं लग्न, तिन्ही एकदमच सगळ्या आळीला ऐकू गेली.

नमाज संपली. सगळ्यांत आधी पांढऱ्या दाढीचे हुसेनचाचा बाहेर आले. त्यांनी तुळाजीकडे बघितलं, मग बैलाकडे बघितलं.

"तरीच म्हटलं, आवाज ओळखीचा येतोय," ते म्हणाले. "बाबा, माझा बैल का हलवतोयस?"

तुळाजीने सगळं सांगितलं. हुसेनचाचा आधी रागावले होते, पण ऐकता ऐकता त्यांची दाढी हलायला लागली. ते म्हणाले, "आरं, इथं घंटा नसती. हाक न मारताबी वरच्याला ऐकू जातं. आता नीट ध्यानात ठेव. आधी हात-पाय-तोंड धुवायचं. डोकं झाकायचं. आत गेल्यावर अवाक्षर बोलायचं न्हाई. मागच्या रांगेत बसायचं, आणि पुढचा करंल तसं करायचं."

"आता न्हाई चुकायचो," तुळाजी म्हणाला.

चाचांनी अक्षत घेतली, लग्नाला दुवा दिली आणि खूण म्हणून खजूर दिला. तुळाजीने तो बैलाला दाखवला, पण दिला नाही. पहिली खूण घरी पोचली. चांगुणाला फार बरं वाटलं. तिने खजूर फळीवर ठेवला आणि त्याला हळदकुंकू वाहिलं.

मंगळवारी यमाई. तुळाजीने देवळाबाहेरच्या विहिरीवर हात-पाय-तोंड धुतलं. उपरणं डोक्याला गुंडाळलं. ओठ घट्ट मिटले आणि आवारात जाऊन मागे बसला.

त्या दिवशी यमाईपुढे एका बाळाचं जावळ काढायचं होतं. पहिले केस देवीला वाहायचे, ते मामाच्या मांडीवर बसून. न्हावी वस्तरा परजत होता, बायका गाणी म्हणत होत्या. तुळाजीच्या अगदी पुढे ते बाळ होतं. तुळाजीने त्याच्यावर डोळे रोखले.

बाळाची टोपी काढली. तुळाजीने उपरणं काढलं. वस्तरा लागताच बाळाने भोकाड पसरलं. तुळाजीनेही पसरलं. शब्द बोलायचा नव्हता, रडायला कुणी मना केलं नव्हतं. बायका गाणं थांबवून बघायला लागल्या. बाळाचं आटपलं, आत्याने त्याला उचललं. मामाची मांडी मोकळी झाली. तुळाजी उठला आणि तिच्यावर जाऊन बसला.

मामा किडकिडीत होता. तो "अहो... अहो..." एवढंच म्हणाला, पुढे त्याचा आवाज आला नाही.

न्हाव्याने विचारलं, "तुमचंबी काढायचं?"

तुळाजी गप्प.

"समदं?"

तुळाजी गप्प.

"नवस असंल," न्हावी म्हणाला, आणि त्याने समदं काढलं. मग आत्याने बाळाला ओवाळलं. ताटात दिवा पेटलेलाच होता, तेव्हा तुळाजीलाही ओवाळलं.

देवीची पुजारीण म्हातारी आणि फटकळ होती. तुळाजीने खुणांनी अक्षत दिली, हातवारे करून लग्न सांगितलं. तिला त्यातलं निम्मं कळलं. तिने कुंकवाची पुडी त्याच्या हातावर ठेवली आणि झापलं, "मुका हायेस व्हय रं? थानावर आलं की तोंड उघडावं. खूण पाहिजे म्हणून सांगावं. आणि थानावर कुणी हातात जे काय देईल, ते कपाळाला लावून सरळ घरी न्यावं. वाटेत खाली ठेवू नये. समजलं?"

तुळाजीने पायऱ्या उतरेपर्यंत ओठ मिटून ठेवले. मग मोकळा श्वास घेऊन म्हणाला, "समजलं! आता न्हाई चुकायचो."

तो बोरवंडीत शिरला तो चकचकीत डोकं घेऊन. आता जाणत्या पुरुषाने डोकं भादरलं, म्हणजे लोक काय समजणार? घरात कुणीतरी गेलं. आणि तुळाजीच्या घरात आईशिवाय होतं कोण? बायकांनी हातातली कामं टाकली आणि तुळाजीच्या ओसरीवर येऊन एकच गळा काढला. चांगुणा चुलीपुढे होती. रडणं ऐकून ती बाहेर आली, पदर डोळ्यांना लावला आणि त्यांच्यात बसून रडायला लागली. बराच वेळ रडून झाल्यावर तिने शेजारणीला विचारलं, "पर गेलं कोण?"

शेजारीण हुंदके देत म्हणाली, "तूच की गं!"

मग चांगुणाने सगळ्यांना चहा केला. पण रात्री भाकरी थापताना ती खरोखरीच रडली. लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरदेवाच्या डोक्यावर बाशिंग बांधायला एक केस शिल्लक नव्हता. तिला वाटलं, केरबाच्या कानावर जाईल आणि मिळालेली सून जाईल. तुळाजी तिच्याजवळ बसला आणि म्हणाला, "आये, दोन खुणा झाल्या की." त्याच्याकडे बघून तिने डोळे पुसले.

गुरुवारी पीर. गावाबाहेरच्या टेकडीवर दर्गा होता. तिथले मुजावर बादशाहभाई, म्हणजे पिराची झाडलोट, दिवाबत्ती बघणारे. गुरुवारची गर्दी व्हायच्या आत त्यांची धांदल चालली होती. तुळाजी दारातच तोंड उघडून उभा राहिला.

"मी तुळाजी. माझं लगीन हाय. ही अक्षत. खूण पाहिजे."

"या, या! देतो की," बादशाहभाई म्हणाले. "जरा हे धरा." त्यांनी मोरपिसांचा मोर्चेल त्याच्या हातात दिला.

तुळाजीने मोर्चेल कपाळाला लावला.

"हेबी धरा." त्यांनी कालची चादर घडी करून दिली. तुळाजीने तीही कपाळाला लावली. मग ऊद जाळायचं धुपाटणं आलं. ते गार होतं, हे तुळाजीचं नशीब. तेही त्याने कपाळाला लावलं.

"आणि ही शेळी बघा, फुलं खाती. हिचं दावं धरा. मी विहिरीवरनं पाणी आणतो, मग तुम्हाला खूण देतो."

बादशाहभाई घागर घेऊन गेले. तुळाजीच्या डोळ्यांत पाणी आलं. कुठल्याच थानाने त्याला एवढं दिलं नव्हतं. शेळी कपाळाला लावणं जरा अवघड गेलं, पण लावली. मग मोर्चेल काखेत, चादर खांद्यावर, धुपाटणं डोक्यावर, अशी त्याने घरची वाट धरली. खाली काही ठेवायचं नव्हतं, म्हणून शेळीही वाटभर उचलूनच नेली.

बादशाहभाई परत येऊन बघतात तो दर्गा मोकळा. ते ओरडतच टेकडी उतरले. वाटेत जो भेटेल तो त्यांच्याबरोबर पळायला लागला. ही वरात करंजवाडीतून जाताना केरबाच्या घरावरून गेली, आणि केरबाही काठी घेऊन निघाला.

सगळे बोरवंडीत पोचले तेव्हा शेळी चांगुणाच्या ओसरीवर होती. तुळाजी तिला हळदकुंकू लावत होता.

"लगीन मोडलं!" केरबा दारातूनच गरजला. "पिराच्या दारात चोरी करणारा जावई मला नको!"

तुळाजीने आईकडे बघितलं, केरबाकडे बघितलं. कुठे चुकलं ते त्याला काही केल्या कळेना, पण हौसा आपल्या घरी येणार नाही एवढं कळलं. त्याने कुंकवाचा करंडा खाली ठेवला आणि मान खाली घातली.

तेवढ्यात बादशाहभाई हसायला लागले. त्यांना धाप लागली होती, त्यामुळे हसू तुकड्यातुकड्याने येत होतं. "केरबातात्या, शेळी चोरणारा बाजाराची वाट धरतो. ती कपाळाला लावून आईकडं आणत न्हाई. अहो, मीच दिलं त्याच्या हातात. घ्या नवरदेव, ही पिराची खूण." आणि त्यांनी ओंजळभर गुलाब तुळाजीच्या हातावर ठेवले. जरा कुरतडलेले होते.

केरबाने खुणा मोजल्या. खजूर, कुंकू, गुलाब. "आणि मारुती?"

तुळाजीने शिडीचा कागद पुढे केला. केरबाने तो उलटा-सुलटा करून बघितला. उमेदवार त्याच्या भावकीतले निघाले, म्हणून तो त्यावर काही बोलला नाही.

"केरबातात्या," चांगुणा हात जोडून म्हणाली, "पोरगं वेडं हाय, पर वाईट न्हाई हो."

"हौसा बी हेच म्हणती," केरबा कुरकुरला. "टक्कल कळलं तवा बी म्हणाली, केसं उगवत्यात." त्याने काठी भिंतीला टेकवली. "ठीक हाय. चौथी खूण ऱ्हायली ती ऱ्हायली. लगीन मारुतीच्या देवळातच लावू. त्याच्या म्होरं लावलं की त्यालाच अक्षत पोचली. पर हिकडं ये रं."

तुळाजी पुढे आला. केरबाने त्याच्या नाकासमोर बोट धरलं.

"ही शेवटची शिकवण. थानावर जायचं. दर्शन घ्यायचं. हात जोडायचे. अक्षता टाकायच्या. परसाद तिथंच खायचा. आणि रिकाम्या हातानं घरी यायचं. थानावर कितीबी चांगलं दिसू दे, कुणीबी हातात देऊ दे, तिथलं काय म्हंजे काय बरूबर आणायचं न्हाई. काय सांगितलं?"

"तिथलं काय म्हंजे काय बरूबर आणायचं न्हाई."

"लगीन पार पडंपातुर विसरू नको."

"जलमभर विसरत न्हाई," तुळाजी म्हणाला.

लग्नाच्या दिवशी दोन्ही गावं मारुतीच्या देवळात लोटली, ती अर्धी लग्नाला आणि अर्धी तुळाजी काय करतो ते बघायला. हुसेनचाचा बैलगाडी घेऊन आले होते. पुजारीण आली होती. बादशाहभाई शेळी घरी बांधून आले होते. आणि गंमत बघा, तुळाजी कुठेही चुकला नाही. चपला बाहेर काढल्या. मारुतीला हात जोडले, तेलाचं नाव काढलं नाही. टकलावरून फेटा सारखा नाकावर घसरत होता, तेवढं सोडलं तर त्याचं सगळं कसं जिथल्या तिथे. मंगलाष्टकं झाली, अंतरपाट दूर झाला. तुळाजीने हौसाकडे बघितलं. हिरव्या शालूत ती फारच छान दिसत होती. त्याने हात जोडले, अक्षता टाकल्या. हार घातले. भटजींनी त्याच्या उपरण्याची आणि तिच्या शालूची गाठ मारली. केरबाने मुलीचा हात तुळाजीच्या हातात दिला आणि त्याचे डोळे भरून आले. तुळाजीचेही आले. मग पंगत बसली. तुळाजी पोटभर जेवला आणि हात धुतले.

"शहाणा झाला की हो," हुसेनचाचा म्हणाले. केरबाने पहिल्यांदाच मिशीतून हसून मान हलवली.

चांगुणा पुढे निघून घरी आली होती. नव्या सुनेच्या स्वागताची तयारी करायची होती. तिने दारात रांगोळी काढली. उंबऱ्यावर तांदळाने भरलेलं माप ठेवलं, सुनेने पायाने लवंडून आत यावं म्हणून. ओवाळायचं ताट घेतलं आणि बारा वर्षांनी आलेला दिवस बघायला ती दारात उभी राहिली.

ओढ्याकडून तुळाजी येताना दिसला. एकटाच. डोक्यावर फेटा नाही, कपाळाला मुंडावळ्या नाहीत, खांद्यावर उपरणं नाही. दोन्ही हात रिकामे. चालत होता पण पाय जड पडत होते, आणि डोळे लाल झाले होते.

"तुळाजी! आरं, हौसा कुठं हाय?"

"देवळात."

"देवळात? आणि तू?"

"लगीन झालं, आये. समदं नीट झालं. दर्शन घेतलं, हात जोडले, अक्षता टाकल्या, तिथंच जेवलो." त्याने बाहीला नाक पुसलं. "उपरण्याची गाठ सुटंना, म्हणून उपरणंबी तिच्याजवळच ठेवलं. ती म्हणाली, 'अवो, मी येते की.' तिच्या बापानं तर हातात हात दिलता. लई वाटलं गं, घेऊन यावी."

चांगुणाने ताट खाली ठेवलं. "मग आणली का न्हाईस?"

तुळाजीने आईकडे बघितलं. तिलाही एवढं साधं समजू नये, याचं त्याला नवल वाटलं.

"आसं कसं, आये? देवळातली हाय ती!"